थंडी जातेच आहे, आता कशाला दुरुस्ती?

६ डिसेंबरला चैत्यभूमीवरून माणसे घरी परततात, तेव्हा विदर्भात खरी थंडी सुरू झालेली असते. ७ फेब्रुवारीला माता रमाईंची जयंती आली, की ती संपली असे आपण धरून चालतो. पण थंडी आपले कॅलेंडर पाळत नाही. दुपारी ऊन चटका देते, पंखा लावावासा वाटतो. आणि पहाटे पाच वाजता अंगावरची गोधडी बाजूला करवत नाही. अशा या रेंगाळलेल्या थंडीत घराघरांत एक वाक्य हमखास ऐकू येते : "थंडी आता जातेच आहे. आठ-पंधरा दिवसांसाठी कशाला खर्च? पुढच्या वर्षी बघू."

हे वाक्य पाणी तापवायच्या रॉडविषयी असते, गिझरविषयी असते, सैल झालेल्या सॉकेटविषयी असते. ऐकायला शहाणपणाचे, काटकसरीचे वाटते. पण माझे मत असे आहे, की आपल्या वस्त्यांमधल्या आरोग्याला घातक असलेल्या वाक्यांपैकी हे एक आहे. म्हणूनच दुरुस्तीचा विषय आज या आरोग्याच्या पानावर मांडतो आहे.

दुसऱ्याला उपदेश करण्याआधी स्वतःचे सांगितले पाहिजे. हे वाक्य मीही बोललेलो आहे. आमच्या घरी रॉडने पाणी तापवतात. दोन वर्षांपूर्वी थंडीच्या शेवटी पत्नीने दोनदा सांगितले, "बादलीला हात लावला, की झिणझिण्या येतात." मी म्हणालो, "ओल्या हाताने लावत असशील. थोडे दिवस सांभाळून घे." तिसऱ्यांदा तिने सांगितले नाही. तिचा हात बादलीच्या लोखंडी कडीला लागला आणि ती मागे भिंतीवर फेकली गेली. कोपर फुटले, डोके थोडक्यात वाचले. हात कडीला चिकटून राहिला नाही, एवढ्यावर ती आज आहे. नंतर वायरमन आले. त्यांनी रॉडवरचा क्षाराचा थर खरवडला, तर खाली नळीला बारीक भेग गेलेली. सॉकेट उघडले, तर तिसऱ्या भोकाला तारच जोडलेली नव्हती. नवी रॉड, नवे सॉकेट आणि अर्थिंगची तार यांचा सगळा खर्च दोन-तीन महिन्यांच्या मोबाइल रिचार्जएवढा आला. तेवढ्यासाठी मी तिला सांभाळून घ्यायला सांगत होतो.

पहाटे आधी कोण उठते?

या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाने आपल्या घरापुरते द्यावे. बहुतेक घरांत ती आई असते, पत्नी असते, सून असते. अंधारात, झोपेच्या डोळ्यांनी, ओल्या फरशीवर उभी राहून ती बटण दाबते, रॉड काढते, पाणी ओतते आणि पुन्हा बादली भरते. बाकीचे तयार पाण्याने अंघोळ करतात. यंत्र बिघडले आहे हे सर्वांत आधी तिला कळते, धोकाही सर्वांत आधी तिलाच असतो. आणि दुरुस्तीला पैसे काढायचे की नाही हे मात्र पुष्कळदा दुसराच कोणी ठरवतो. ज्याच्या हाताला झिणझिण्या येत नाहीत, त्याने "अजून चालेल" म्हणणे सोपे आहे.

कारखान्यातल्या धोकादायक यंत्राभोवती संरक्षक कुंपण हवे, असे १९४८ च्या कारखाने कायद्याने सांगितले होते. तिथे निरीक्षक असतो, निदान कागदावर तरी असतो. घरातल्या यंत्राला निरीक्षक नाही. घरात राबणाऱ्या बाईची तक्रार हीच तिथली तपासणी. ती तक्रार हसण्यावारी नेणे म्हणजे निरीक्षकाचा अहवाल फाडून टाकणे. आपण समतेची भाषा बोलतो. ती समता मोरीपर्यंत पोहोचली आहे का, हे या रेंगाळलेल्या थंडीत तपासून पाहावे.

झिणझिण्या हा इशारा आहे

"थोडा करंट तर लागतोच" असे आपल्याकडे बिनधास्त म्हणतात. चांगल्या स्थितीतल्या उपकरणाने थोडाही करंट लागता कामा नये. झिणझिण्या येतात याचा अर्थ विजेने आपला ठरलेला रस्ता सोडला आहे आणि ती तुमच्या शरीरातून जमिनीकडे जायला लागली आहे. आज चप्पल होती, फरशी कोरडी होती म्हणून झिणझिण्यांवर भागले. उद्या पाय ओले आणि अनवाणी असतील, तर तीच वीज जीव घेईल.

हिशेब साधा आहे. १५०० वॅटची रॉड आपल्या घरच्या २३० व्होल्टवर साधारण साडेसहा अँपिअर प्रवाह घेते. माणसाच्या हृदयाची लय बिघडवायला याचा शंभरावा हिस्साही पुरेसा ठरू शकतो. त्याहून कमी प्रवाहानेही स्नायू आखडतात आणि पकडलेली वस्तू सोडता येत नाही. घरातला फ्यूज किंवा एमसीबी अशा वेळी पडेल, या भरवशावर राहू नये. ती सोय मुख्यतः तारा जळू नयेत म्हणून असते. तुमच्या शरीरातून जाणारा प्रवाह तिच्या दृष्टीने किरकोळ असतो, तिला त्याचा पत्ताही लागत नाही. माणसाला वाचवणाऱ्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत : एक नीट केलेले अर्थिंग आणि दुसरी आरसीसीबी नावाची खटक्याची पेटी. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी तेवढी गळती होताच डोळ्याचे पाते लवण्याआधी वीज तोडते. नव्या इमारतींमध्ये ती बसवलेली दिसते. जुन्या वस्त्यांतल्या, चाळींतल्या, वाढवत वाढवत बांधलेल्या आपल्या घरांत पुष्कळदा नसते.

अर्थिंगचेही तसेच. सॉकेटला तीन भोके असली म्हणजे अर्थिंग आहे असे नाही. ती तिसरी तार खरोखर जमिनीपर्यंत गेली आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्यावे लागते. काही ठिकाणी खर्च वाचवायला सॉकेटमध्येच न्यूट्रलची तार अर्थिंगच्या जागी जोडून देतात. हे फार धोक्याचे आहे. न्यूट्रल कुठे तुटली, तर उपकरणाच्या पत्र्यावर थेट करंट येतो. मीठ-कोळसा घालून केलेला अर्थिंगचा खड्डा असेल, तर तो कोरडा पडू देऊ नये. अधूनमधून त्यात पाणी ओतावे, एवढे काम घरातला कोणीही करू शकतो.

रॉड वापरताना क्रम चुकवू नये. आधी रॉड पाण्यात, मग पिन, मग बटण. काढताना आधी बटण बंद, मग पिन बाहेर आणि मगच रॉडला किंवा पाण्याला हात. पाणी तापले का हे बोट बुडवून पाहायचे असेल, तर पिन काढलेली असलीच पाहिजे. बादली प्लास्टिकची असली तरी पाण्यातून करंट लागतोच. रॉडवर पाण्याच्या पातळीची खूण असते, पाणी तिच्यापेक्षा खाली नको. पंधरा लिटरची बादली अंघोळीपुरती तापायला १५०० वॅटच्या रॉडला साधारण वीस मिनिटे पुरतात आणि अर्धा युनिट वीज लागते. त्याऐवजी पाऊण तास लागत असेल, तर रॉडवर क्षार साचला आहे असे समजावे. बोअरच्या पाण्यात क्षार जास्त. थर जाड झाला, की उष्णता पाण्यात जात नाही, नळी आतून जास्त तापते आणि शेवटी तडकते. पिन काढून, रॉड पूर्ण गार झाल्यावर व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या पाण्यात भिजवून हा थर काढता येतो. पण नळीवर भेग किंवा फुगवटा दिसला, तर ती रॉड दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नये. ती मोडून टाकावी, म्हणजे दुसरे कोणी उचलून वापरणार नाही. नवी घेताना आयएसआय खूण पाहून घ्यावी.

आणखी एक दृश्य आपल्या ओळखीचे आहे. पिन तुटलेली असते, म्हणून उघड्या तारा सॉकेटमध्ये घालून काडेपेटीच्या काड्यांनी खोचलेल्या असतात. किंवा रॉडची जाड पिन टीव्हीच्या बोर्डात बसत नाही म्हणून मध्ये जोडपिन लावलेली असते. तो बोर्ड सहा अँपिअरचा, रॉड मागते साडेसहा, गिझर आठ-नऊ. बोर्ड तापतो, प्लास्टिकचा जळका वास येतो, सॉकेट काळे पडते. हा वास आला की त्या बोर्डावर पुन्हा काही लावू नये. पाणी तापवायच्या उपकरणाला सोळा अँपिअरचे वेगळे सॉकेट आणि जाड तारच हवी.

कोणाला शॉक लागून तो चिकटलेला दिसला, तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. ते जमत नसेल, तर कोरड्या लाकडाने किंवा प्लास्टिकच्या दांड्याने त्याला तारेपासून दूर करा. श्वास थांबला असेल, तर छातीवर दाब देणे सुरू करा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. शॉक लागून माणूस ठीक वाटला तरी छातीत धडधड, भोवळ असेल किंवा कातडी भाजली असेल, तर दवाखान्यात न्यावेच.

न दिसणारा वायू

वीज निदान झिणझिण्या तरी देते. गॅस गिझर आणि कोळशाची शेगडी यांतून येणारा कार्बन मोनॉक्साइड काहीच सांगत नाही. त्याला रंग नाही, वास नाही. बंद जागेत जाळ पेटला, हवा कमी पडली, की जळण अर्धवट होते आणि हा वायू तयार होतो. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूला दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरून ठेवते. मग श्वास चालू असतो, पण शरीराला प्राणवायू मिळत नाही. आधी डोके जड होते, मळमळते, पायांतले बळ जाते. कडी उघडायला हवी हे कळते, पण हात उठत नाही. बाहेरच्यांना वाटते, अंघोळीला आज जरा वेळ लागतो आहे.

रेंगाळलेल्या थंडीत हा धोका का वाढतो, तेही पाहा. मोरीच्या झरोक्यातून गार वारा येतो, म्हणून आपण डिसेंबरात तिथे वर्तमानपत्र किंवा प्लास्टिक लावतो. फेब्रुवारीत ते तसेच असते. तोवर गिझरच्या बर्नरवर काजळी धरलेली असते, ज्योत निळ्याची पिवळी झालेली असते. घरातली चार माणसे पाठोपाठ अंघोळ करतात. पहिल्याला काही होत नाही. तिसऱ्या-चौथ्यापर्यंत त्या खोपटाएवढ्या जागेत वायू साचलेला असतो. ती शेवटची पाळी बहुधा कोणाची असते, हे पुन्हा वेगळे सांगायला नको.

म्हणून गॅस गिझर बाथरूमच्या आत नकोच. तो बाहेर, मोकळ्या हवेत असावा आणि पाइपने फक्त गरम पाणी आत यावे. आत बसवलेला असेल, तर तो बाहेर काढणे हीच त्याची दुरुस्ती. ते होईपर्यंत त्यावर पाणी तापवून बादली भरून घ्यावी, गिझर आणि सिलिंडर दोन्ही बंद करावे, दार-झरोका उघडा ठेवून हवा खेळू द्यावी आणि मगच अंघोळीला जावे. पिवळी ज्योत, काजळी, डोळ्यांची जळजळ, अंघोळीनंतर डोके दुखणे ही सगळी गिझर बंद ठेवण्याची कारणे आहेत. गॅसचा वास आला, तर बटणांना हात न लावता रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर येऊन १९०६ या गॅस गळतीच्या क्रमांकावर फोन करावा.

शेगडीचेही तेच. म्हाताऱ्या माणसांच्या खोलीत रात्री शेगडी ठेवून दार लावून घेण्याची पद्धत अजून आहे. धूर दिसत नाही म्हणून शेगडी निरुपद्रवी वाटते. पण लाल निखारे आणि वर राख धरलेले निखारे दोन्ही हा वायू सोडत राहतात. झोपायच्या खोलीत शेगडी नको, म्हणजे नकोच.

असा कोणी बेशुद्ध सापडला, तर त्याला लगेच मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा, १०८ ला फोन करा आणि डॉक्टरांना "बाथरूममध्ये गॅस गिझर चालू होता" किंवा "खोलीत शेगडी होती" हे आवर्जून सांगा. करोनापासून घराघरांत बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले आहे. त्यावर विसंबू नका. कार्बन मोनॉक्साइडने भरलेले रक्तही त्या यंत्राला प्राणवायूने भरल्यासारखे दिसते. आकडा ९८ असतो आणि माणूस जात असतो.

जंताघराची गोष्ट

हे सगळे आजच्या यंत्रयुगाचे प्रश्न आहेत असे कोणाला वाटेल. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात यांचे जुने रूप सापडते. वैशालीत भिक्षू आजारी पडू लागले, तेव्हा वैद्य जीवकाने तथागतांना विनंती केली, की भिक्षूंना चंक्रमणाची जागा आणि जंताघर, म्हणजे शेकायचे गरम स्नानगृह, वापरण्याची परवानगी द्यावी. तथागतांनी ती दिली. त्यामागोमाग त्या स्नानगृहाची रचना कशी असावी याच्या बारीकसारीक सूचना येतात. त्यात धूर बाहेर जाण्यासाठी 'धूमनेत्त', म्हणजे धुराची नळी, ठेवायला सांगितले आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी स्नानगृहातला धूर बाहेर गेला पाहिजे, याचा विचार झालेला आहे.

त्याच ग्रंथात पुढे आणखी एक प्रसंग आहे. सहा जणांच्या एका बेपर्वा टोळक्यातल्या भिक्षूंनी, ज्येष्ठ भिक्षू नको म्हणत असताना, जंताघरात भरपूर लाकडे रचून जाळ केला, दार लावून घेतले आणि दाराशी बसून राहिले. आतले भिक्षू उष्णतेने कासावीस झाले, त्यांना दार मिळेना आणि ते मूर्च्छित होऊन पडले. तथागतांच्या कानावर हे गेले. त्यांनी त्यासाठी प्रार्थना सांगितली नाही, कोणाच्या पूर्वजन्माचा हिशेब काढला नाही. चौकशी केली, असे वागणे चूक ठरवले आणि जंताघर कसे वापरायचे याचे नियम घालून दिले. राख साचली असेल तर ती काढून टाकावी, हेही त्या नियमांत आहे.

मला यात दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. आजारी आणि थंडीने गारठलेल्या शरीराला उष्णता मिळणे ही चैन मानलेली नाही. आजही "गार पाण्याने अंघोळ करा, काही होत नाही" असे वयस्कर माणसांना सांगू नये. थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो, दम्याचा त्रास उसळतो. गरम पाणी ही त्यांची गरज आहे. दुसरी गोष्ट, अपघातानंतर कारण शोधले आणि नियम केला. आपल्याकडे अजूनही मयताच्या घरी "होणारे टळत नाही", "तिचे तेवढेच आयुष्य होते" असे शब्द ऐकू येतात. ज्यांनी दैव आणि नशीब नाकारून धम्म स्वीकारला, त्यांच्या तोंडी हे शब्द शोभत नाहीत. कारणाशिवाय काही घडत नाही, हे प्रतीत्यसमुत्पादाचे सांगणे आहे. भेग पडलेली नळी हे कारण आहे. न जोडलेली तार हे कारण आहे. झरोक्यावरचे वर्तमानपत्र हे कारण आहे. कारण दूर केले, तर परिणाम टळतो.

गळणारा गिझर आणि ठोकलेली खुंटी

ज्यांच्याकडे टाकीचा विजेचा गिझर आहे, त्यांच्यासाठी थोडे. पाणी तापले की फुगते, आत दाब वाढतो. तो सोडायला गिझरला सुरक्षा झडप असते. तापताना तिच्यातून थोडे थेंब पडणे नेहमीचे आहे. हे थेंब थांबवायला झडपेच्या तोंडात लाकडी खुंटी ठोकलेली मी स्वतः पाहिली आहे. घर ओले होत नव्हते हे खरे. पण थर्मोस्टॅट बिघडला असता, तर ती टाकी स्फोटासारखी फुटली असती. धार लागली असेल, तर झडप बदलावी, बुजवू नये. गिझर तापवून, बटण बंद करून मगच अंघोळ करावी.

विहाराने हे काम हातात घ्यावे

"सगळे पटते, पण पैसे?" हा प्रश्न खरा आहे, त्याला टाळून चालणार नाही. म्हणून आधी बिनपैशाची कामे करावीत : बिघडलेले उपकरण वापरणे थांबवणे, झरोका उघडणे, शेगडी अंगणात नेणे, पिन काढून मग हात घालणे. रॉड बंद असेल त्या दिवसांत स्वयंपाकघरातल्या गॅसवर खिडकी उघडी ठेवून पाणी तापवावे. बादलीत आधी गार पाणी घालून मग उकळते ओतावे, म्हणजे लहान मुले भाजत नाहीत. एवढ्याने धोका बराच कमी होतो. उरलेला खर्च एकेकट्याला जड जातो. तो मिळून करावा, असे माझे म्हणणे आहे.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा वीज हाही त्यांच्याकडचा विषय होता. १९४३ साली त्यांनी वीजविकासाच्या धोरणाची मांडणी केली. स्वस्त आणि मुबलक विजेशिवाय उद्योग उभे राहणार नाहीत आणि उद्योगांशिवाय गरिबांची दारिद्र्यातून सुटका नाही, हा तिचा गाभा होता. ती वीज आज आपल्या झोपडीपर्यंत आली. ती जीव घेणार नाही याची व्यवस्था करणे आता आपल्या हातात आहे.

वस्ती तिथे विहार आहे, विहार तिथे समिती आहे. जयंतीला मंडप, रोषणाई, ध्वनिक्षेपक यांचा खर्च आपण वर्गणीतून उभा करतो. त्याच वर्गणीतून वर्षातून एक दुरुस्तीचा रविवार का नको? आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो आणि त्यानंतर थंडी येते. तो मुहूर्त सोयीचा आहे. आपल्या वस्त्यांत आयटीआय झालेले वायरमन, फिटर, गॅसची कामे करणारे तरुण कितीतरी आहेत. त्यांनी दोघादोघांच्या जोड्या करून घरोघर जावे, अर्थिंग तपासावे, सॉकेट उघडून पाहावे, गिझरची जागा बघावी आणि काय करायला हवे ते कागदावर लिहून द्यावे. सामान घाऊक आणले, तर स्वस्त पडते. आरसीसीबीसारखी महाग वस्तू ज्यांना परवडत नाही, त्यांच्यासाठी समितीने हप्ते बांधून द्यावेत. सुरुवात विहारापासूनच करावी. रोषणाईच्या तारा विहारात कशा जोडल्या जातात, ते आपण सगळे जाणतो.

एक अट मात्र हवी. या तरुणांना त्यांच्या कामाचे दाम द्यावे. "आपलाच पोरगा आहे" म्हणून वायरमनला फुकट राबवून घेणे आणि बाहेरच्याला न बोलता पैसे देणे, ही सवय आपल्यात आहे. हाताने काम करणाऱ्याची किंमत न करणाऱ्या व्यवस्थेविरुद्ध आपण लढलो. तीच व्यवस्था आपल्याच वस्तीत नको.

भाड्याने राहणाऱ्यांनी घरमालकाकडे एकेकट्याने न जाता मिळून जावे आणि अर्थिंगची मागणी लेखी करावी. भाडेकरू ठेवणारे आता आपल्यातही आहेत. त्यांना जोडून सांगतो, की खोलीचे भाडे घेताना त्या खोलीतल्या माणसांच्या जिवाची जबाबदारीही घेतलेली असते.

हे सारे आश्विनात करायचे आहे, तर आज फेब्रुवारीत का लिहितो? कारण थंडी अजून गेलेली नाही. उद्या पहाटे कोणीतरी उठून बटण दाबणार आहे. आज रात्री झोपण्यापूर्वी तिला एवढेच विचारा : "पाणी तापवताना कुठे झिणझिण्या येतात का? अंघोळीनंतर डोके दुखते का?" ती हो म्हणाली, तर उद्याचे पाणी चुलीवर किंवा स्वयंपाकघरातल्या गॅसवर तापवा आणि वायरमनला फोन करा. आठ-पंधरा दिवसांसाठीचा हा खर्च नाही. ती पुढची कितीतरी वर्षे तुमच्यासोबत असावी, यासाठीचा आहे.

जय भीम!